युद्धस्मृती संग्रहालयाचे दार वर्षभर उघडे कसे राहील?

सातारा जिल्ह्यातील एका गावाच्या समितीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. माजी सैनिकांची संघटना आणि ग्रामपंचायत यांनी मिळून जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत युद्धस्मृतींचे छोटे संग्रहालय उभे केले आहे. त्यात काही पदके, गणवेश, छायाचित्रे आणि पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावात बसवलेली संगमरवरी पाटी आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर अंगण भरून जाते, एरवी मात्र दाराला कुलूप असते. वर्षभर कोणते कार्यक्रम घ्यावेत, शाळांना कसे जोडून घ्यावे, आणि सैन्यदलाकडून सेवेतून बाद झालेला रणगाडा मिळवून अंगणात उभा केला तर लोकांचा ओघ वाढेल का, हे समितीला जाणून घ्यायचे आहे. संग्रहालयांच्या लोकसहभागाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उत्तर लांबणार आहे. रणगाड्याचा विषय मी मुद्दाम शेवटी घेतो.

कार्यक्रम समितीने आखायचे आणि गावाने ते पाहायला यायचे, हे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. चित्रांच्या किंवा नाण्यांच्या संग्रहालयात ते एक वेळ चालून जाते. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक माणूस फौजेत गेला, तेथे मात्र समितीच्या कपाटांत आहे त्याच्या कितीतरी पट ऐवज लोकांच्या माळ्यावर, ट्रंकेत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असतो. तो ऐवज गोळा करणे, पडताळणे आणि वाचून दाखवणे हाच कार्यक्रम समजावा. लोक पाहायला एकदाच येतात, पण स्वतः अर्धवट सोडलेले काम पुरे करायला पुन्हा येतात, असा माझा अनुभव आहे.

असे अर्धवट काम तुमच्या अंगणातच उभे आहे. महायुद्धानंतर सरकारने गावोगावी ज्या पाट्या बसवल्या, त्यांवर या गावातून इतके इसम १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. आकडा असतो, नाव एकही नसते. तुमच्याच जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात आणि तेथील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले हे जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ती ४६ नावे सांगा म्हटले तर बाहेरचा माणूस गप्प होतो. तुमच्या पाटीवर जो काही आकडा असेल, त्यामागची नावे शोधणे हा संग्रहालयाचा पहिला आणि किमान दोन-तीन वर्षे पुरणारा उपक्रम ठरवावा, अशी माझी शिफारस आहे. पुढे सुचवलेले जवळजवळ सगळे कार्यक्रम या एका कामाला येऊन मिळतात.

नावे कोठे मिळतात? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे समुद्रापार गेली आणि ७४ हजारांहून अधिक परतली नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची नोंद आज इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. त्यात नाव, पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख आणि अनेकदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हाही दिलेला असतो. अडचण लेखनाची आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिले, त्यामुळे एकच आडनाव तीन-चार प्रकारे आढळते, गावाच्या नावातील ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीसे होतात, आणि पुष्कळ ठिकाणी आडनावच नसते. अशा वेळी मोबाइलवर झपाझप शोधणारी मुले आणि कोणत्या वाडीत कोणती भावकी होती हे सांगू शकणारे वृद्ध यांना एका टेबलाभोवती बसवावे लागते. दोघांपैकी एकालाही एकट्याने ते जमत नाही. महिन्यातून एक रविवार, सकाळी दहा ते एक, एवढी बैठक पुरे आहे. चहाची सोय मात्र आवर्जून करावी.

या शोधात सातारा आणि कोकणातील गावांना मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, वारंवार भेटेल. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे त्यांना तुर्की फौजेचा वेढा पडला आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांच्या फौजेला शरण जावे लागले. पुढच्या पायपिटीत आणि बंदिवासात किती माणसे गेली, त्यांची थडगी कोठे आहेत, हे बहुतेक घरांना कधीच कळले नाही. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले गेले, त्याच्या भिंतींवर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा कोरला गेला. युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हे जाहीरपणे मान्य केले, आणि मुख्यतः हिंदी व आफ्रिकी अशा ४५ ते ५४ हजार मृतांच्या स्मरणात असा दुजाभाव झाल्याचा अंदाज मांडला. म्हणजे तुमच्या गावात आकडा आणि बसऱ्यातही आकडाच. एखाद्या शिपायाचे नाव चारचौघांत उच्चारले जाण्याची पहिली वेळ कदाचित तुमच्या अंगणातच येईल. कार्यक्रमाला एवढे वजन पुरेसे आहे, त्यावर देशभक्तिपर गीतांचे पार्श्वसंगीत चढवण्याची गरज मला वाटत नाही.

असे काम सामान्य लोकांनी मोठ्या प्रमाणावर तडीस नेल्याचे एक उदाहरण सांगतो. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पंजाबी सैनिकांची गाववार रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे पडून होती. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पंजाबी मंडळींच्या वारसा संस्थेने ग्रिनिच विद्यापीठाच्या मदतीने ती संगणकावर आणली आणि सुमारे ३ लाख २० हजार नोंदी २०२१ मध्ये सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या. आपल्या पणजोबाचे नाव गावाच्या नावाखाली पाहिल्यावर ज्यांनी आयुष्यात कधी संग्रहालयाची पायरी चढली नव्हती, अशी माणसेही घरातली छायाचित्रे घेऊन पुढे आली.

एक खबरदारी सांगतो. एकाच नावाचे, एकाच गावचे दोन शिपाई सापडणे अगदी नेहमीचे आहे, आणि प्रत्येक घराला ते नाव आपलेच वाटते. म्हणून नोंदवहीत प्रत्येक नावापुढे ‘कागदाने सिद्ध’, ‘बहुधा’ किंवा ‘सांगोवांगी’ असा शेरा मारण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि पुरावा मिळेपर्यंत कोणाही नेत्याच्या आग्रहाखातर शेरा बदलू नये. संगमरवरात घाईने कोरलेले नाव खोडता येत नाही. पहिली पाच वर्षे नावे कागदावरच राहू द्यावीत.

नावे जमू लागली की त्यांच्यातून वर्षभराचे वेळापत्रक आपोआप तयार होते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील युद्धस्मारकात एप्रिल २०१३ पासून रोज संध्याकाळी दारे बंद होण्यापूर्वी एक छोटा विधी होतो. हुतात्म्यांच्या यादीतील एक लाखाहून अधिक नावांपैकी फक्त एका माणसाची हकीकत वाचली जाते, बिगुल वाजतो आणि लोक घरी जातात. बेल्जियममधील ईपर शहरात मेनिन गेट या स्मारकाच्या कमानीखाली १९२८ पासून दररोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याचा काळ सोडला तर त्यात खंड पडलेला नाही. वाजवणारे पगारी कलाकार नाहीत, गावच्या अग्निशमन दलाच्या परंपरेतले वादक आहेत. त्या कमानीवरील ५४ हजारांहून अधिक नावांत हिंदी सैनिकांचीही नावे आहेत. या दोन्ही ठिकाणी खर्च अगदी थोडा आहे आणि नियमितपणा मात्र कमालीचा आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. मंडप, ध्वनिक्षेपक आणि प्रमुख पाहुणे यांवर एका दिवसात वर्षाचा पैसा जातो आणि उरलेले ३६४ दिवस कुलूप लागते.

तुमच्यासाठी रोजचा विधी अशक्य आहे, पण प्रत्येक मृत सैनिकाच्या मृत्यूच्या तारखेला संध्याकाळी वीस मिनिटांचा ‘नावाचा दिवस’ सहज करता येईल. त्याची रचना साधी असावी. एका पानाचा मजकूर, जास्तीत जास्त तीनशे शब्दांचा, त्या घरातील कोणी किंवा शाळेतील विद्यार्थ्याने वाचावा. मजकुराची सुरुवात रणांगणापासून न करता घरापासून करावी: शेत कोणत्या शिवारात होते, भावंडे किती, भरतीला कोणाबरोबर गेला, लग्न झाले होते का. मग पलटण, मोहीम आणि मृत्यू. त्यानंतर दोन मिनिटे शांतता आणि गावात बिगूल किंवा शिंग वाजवणारा असेल तर त्याचे वादन. भाषण नको, सत्कार नको, सूत्रसंचालकाच्या चारोळ्या तर अजिबात नकोत. पहिल्या वेळी पंधरा माणसे आली तरी पुरे समजावे, कारण त्यांतली दहा त्या भावकीतलीच असतील आणि पुढच्या नावाच्या वेळी आपल्या घराची पाळी कधी, हे बाकीचे विचारू लागतील. अलीकडच्या युद्धांतील आणि दहशतवादविरोधी कारवायांतील जवानांबाबत मात्र कुटुंबाला आधी विचारल्याशिवाय तारीख ठरवू नये. काही घरांना तो दिवस स्वतःपुरता हवा असतो आणि तो त्यांचा हक्क आहे.

वस्तू गोळा करण्याचा दिवस १५ ऑगस्टला ठेवू नये, गावच्या यात्रेला लागून ठेवावा. चैत्र-वैशाखात यात्रेसाठी मुंबई-पुण्याची मंडळी गावी उतरतात, रजेवर आलेले जवान घरी असतात आणि साफसफाईच्या निमित्ताने माळ्यावरच्या ट्रंका खाली आलेल्या असतात. पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ‘घरातली फौजी वस्तू घेऊन या, नोंद करू आणि लगेच परत देऊ’ अशी दवंडी आणि व्हॉट्सॲपवरचा निरोप, दोन्ही दिले तर ओटीत वस्तू बांधून आलेल्या आजी रांगेत उभ्या दिसतील. ‘परत देऊ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संग्रहालय वस्तू ठेवून घेणार, अशी शंका आली की लोक दार लावून घेतात. छायाचित्र काढावे, कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करावेत, नोंदवहीत क्रमांक द्यावा आणि मालकाला सहीशिक्क्याची पावती द्यावी. नंतर वर्ष-दोन वर्षांनी तीच माणसे स्वतःहून वस्तू आणून देतात.

या टेबलावर काय घडते, ते जरा जवळून सांगणे उपयोगाचे ठरेल. समजा, एखाद्याने पणजोबांचा ‘बिल्ला’ आणला आहे. पदक उताणे-पालथे पाहून ठेवून देऊ नका, त्याची कड उजेडात फिरवा. त्या काळच्या युद्धपदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत उमटवलेली असते. महायुद्धाचे ब्रिटिश युद्धपदक सामान्यतः चांदीचे असते. तेच पदक कांस्याचे असेल तर माणूस लढाऊ पलटणीत नसून मजूर तुकडीसारख्या दलात असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि घरात चालत आलेल्या लढाईच्या कथेपेक्षा रस्ते बांधणाऱ्या, बोटी उतरवणाऱ्या माणसाची निराळी कथा समोर येते. ती हळुवारपणे सांगावी आणि कमी लेखू नये. बारा सेंटिमीटर व्यासाची, जड कांस्य चकती कोणी आणली तर ती मृताच्या वारसाला मिळालेली स्मृतिचकती आहे. तिच्यावर फक्त नाव असते, हुद्दा नसतो. अधिकारी आणि शिपाई यांच्या चकत्यांत फरक ठेवायचा नाही असे तेव्हा ठरले होते. काही घरांत ती देव्हाऱ्यात असते आणि दर सणाला चिंचेने घासली जाते. अशा वेळी हात जोडून एवढेच सांगावे की घासू नका, अक्षरे झिजत आहेत.

कागदांचा मुख्य शत्रू सध्या वाळवी नसून लॅमिनेशन आहे. सेवापुस्तिकेची पाने आणि जुनी पत्रे लोक प्रेमाने लॅमिनेट करून आणतात, आणि त्यानंतर तो कागद वाचवण्याचा मार्ग जवळजवळ उरत नाही. यात्रेच्या आधीच्या निरोपात हा एक मुद्दा ठळकपणे टाकावा. दुसरा मुद्दा त्याहून गंभीर आहे: दारूगोळा, हातबॉम्ब, तोफगोळा किंवा काडतूस आणू नये, घरात असल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे, असे स्पष्ट लिहावे. शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात ठेवलेला गोळा जिवंत असू शकतो. तलवारी-बंदुकांच्या बाबतीत शस्त्र कायदा लागू होतो, म्हणून त्या विषयी पोलीस ठाण्याशी आधी बोलून घ्यावे. आणि ‘याची किंमत किती येईल?’ या प्रश्नाचे उत्तर टेबलावरील कोणीही, कधीही देऊ नये. एकदा आकडा तोंडातून गेला की पुढच्या महिन्यात ती वस्तू भंगार-पुराणवस्तूंच्या बाजारात असते.

आठवणी नोंदवण्याच्या कामाला घाई आहे. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीला टेकला आहे, १९६५ चा त्याच्याही पुढे आहे. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेले जवान तुलनेने तरुण आहेत, पण त्यांना कोणी विचारतच नाही. सुमारे बाराशे भारतीय सैनिक तेथे कामी आले आणि गावातल्या भाषणांत त्या मोहिमेचे नाव क्वचितच निघते. तुमच्या गावात असे कोणी असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करावी. मुलाखतीला घरातील एक माणूस शेजारी बसू द्यावा, दीड तासापेक्षा जास्त ताणू नये, पंखा बंद करावा, कारण मोबाइलच्या ध्वनिमुद्रणात पंख्याशिवाय काही ऐकू येत नाही. पहिला प्रश्न लढाईचा नसावा. भरतीच्या मैदानावर किती धावायला लावले, पहिले पत्र कोणी लिहून दिले, पहिला पगार किती आणि तो कोणाच्या हातात दिला, येथून माणूस मोकळा होतो. ‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न विचारायचा नाही, हे सोबतच्या विद्यार्थ्यांना आधी बजावून ठेवावे. बोलता बोलता माणूस थांबला तर त्याला थांबू द्यावे. मुद्रण संग्रहालयात ऐकवायचे, इंटरनेटवर टाकायचे की फक्त जपून ठेवायचे, हे तीन पर्याय असलेले अर्ध्या पानाचे मराठी संमतीपत्र आधी वाचून दाखवावे. नोकरीतील गोपनीय तपशील आपणहून विचारू नयेत.

वीरपत्नी आणि वीरमाता यांच्याबाबत आपल्या गावांची रीत मला फार खटकते. त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्र निघते आणि त्यांना खाली पाठवून पाहुणे तासभर बोलतात. ज्या बाईने नवरा सीमेवर असताना शेत, सासू-सासरे आणि मुलांची शाळा सांभाळली, निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या, तिच्याकडे युद्धाचा जो अर्धा भाग आहे, तो कोणत्याही कपाटात नाही. वर्षातून एक दुपार फक्त स्त्रियांसाठी ठेवावी, माईक आणि पाहुणे यांच्याशिवाय, संग्रहालयाच्या खोलीत सतरंजीवर. तार कशी आली, पत्र कोणी वाचून दाखवले, मनिऑर्डर किती दिवसांनी पोहोचायची, भरतीला गेलेल्यावर जात्यावरच्या ओव्या कोणाला येतात का, असे विचारत जावे. अशा दुपारी किती वेळ चालतात हे घड्याळात पाहू नये.

साक्षीदारच उरले नाहीत की काय करायचे, हा प्रश्न हिरोशिमाने आपल्याआधी सोडवायला घेतला. तेथील शांतता संग्रहालयात अणुबॉम्बमधून वाचलेली माणसे अनेक दशके स्वतः हकीकत सांगत असत. ती वृद्ध झाल्यावर शहराने २०१२ पासून ‘वारसदार कथक’ घडवण्याचे प्रशिक्षण सुरू केले. इच्छुक तरुण एका वाचलेल्या व्यक्तीकडून तिची हकीकत दीर्घकाळ ऐकतो, लिहितो, तिच्याकडून तपासून घेतो आणि मग तिच्या नावाने लोकांना सांगतो. तुमच्या गावात प्रत्येक ज्येष्ठ माजी सैनिकाला एक महाविद्यालयीन विद्यार्थी जोडून देता येईल. भरतीची तयारी करणारी मुले सकाळी मैदानावर पळतच असतात, त्यांच्यापैकी दोघे-तिघे या कामाला सहज मिळतील आणि ऐकता ऐकता त्यांचेही बरेच गैरसमज दूर होतील.

शाळांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे सोपे आहे तेच चांगले आहे. ‘शस्त्र प्रदर्शन’ ठेवले तर मुले हमखास येतात, बंदुकीसोबत छायाचित्र काढतात आणि जातात. मी त्याला विरोध करत नाही, पण त्याला शैक्षणिक उपक्रम म्हणू नये. त्याऐवजी दोन पेट्या तयार करून शाळाशाळांत फिरवाव्यात: एकीत हाताळण्यासाठी पाण्याची बाटली, पिठ्ठू, घोंगडी, मेसटिन म्हणजे जेवणाचा डबा, पायपट्ट्या, दुसरीत पत्रांच्या व नोंदींच्या प्रती. भरलेला पिठ्ठू पाठीवर घेऊन शाळेच्या मैदानाला एक फेरी मारली की पाचवीच्या मुलाच्या तोंडून जे प्रश्न निघतात, ते फलक वाचून निघत नाहीत. वरच्या वर्गांना नावशोधाच्या रविवारी बोलवावे. इंग्रजी, भूगोल आणि इतिहास हे तिन्ही विषय एका नोंदीत येतात. बेल्जियममध्ये २०१४ ते २०१८ या काळात तेथील भूमीवर मेलेल्या प्रत्येकासाठी एक याप्रमाणे सहा लाख मातीच्या छोट्या आकृत्या सामान्य लोकांनी आणि मुलांनी कार्यशाळांत घडवल्या, आणि प्रत्येकीला मृताचे नाव व घडवणाऱ्याचे नाव जोडले. गावात कुंभार आहे, माती आहे आणि पाटीवरचा तुमचा आकडा दोन आकडी असेल. एका शनिवारी होईल एवढे ते काम आहे.

संग्रहालयात कोण दिसत नाही, हेही समितीने एकदा मोकळेपणाने पाहावे. बहुतेक गावांत समिती एका-दोन भावक्यांची असते आणि कपाटांत त्यांचेच सुभेदार असतात. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. त्या समाजाच्या वस्तीतील घरांना वस्तू-दिवसाचे निमंत्रण समितीच्या माणसाने स्वतः दारी जाऊन द्यावे, फलकावर लिहून भागत नाही. फौजेबरोबर गेलेले भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, न्हावी यांचीही नावे नोंदीत असतात. स्मारकाला अर्थ कोण देतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण कोरेगाव भीमाचा जयस्तंभ आहे. तो कंपनी सरकारने १८१८ च्या लढाईतील स्वतःच्या यशाची खूण म्हणून उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि आज दर १ जानेवारीला लाखो लोक येतात ते आपल्या पूर्वजांच्या मानासाठी येतात, कंपनीसाठी नव्हे. समाजाला स्मारकात स्वतःची माणसे दिसली की काय होते, ते तेथे कोणीही पाहू शकतो.

गावाबाहेरही धागे जोडता येतात. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील लढाईत कामी आले, त्या लढाईतील शौर्यासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाच्या पंचायतीने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे जपानी फौजेला रोखणाऱ्यांत पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी बटालियन होती. त्याच मणिपुरात २०१९ मध्ये जपानी संस्थेच्या साहाय्याने इम्फाळ शांतता संग्रहालय उभे राहिले, ज्यात दोन्ही फौजांच्या मध्ये सापडलेल्या स्थानिक लोकांचे अनुभव मांडले आहेत. तुमच्या नोंदवहीत इटली किंवा मणिपूरचे नाव निघाले तर तेथील संग्रहालयाला किंवा पंचायतीला पत्र लिहावे, त्या जागेचे आजचे छायाचित्र मागवावे. मुलांनी लिहिलेल्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता समितीच्या पत्रापेक्षा जास्त असते.

ठरलेले दिवस आहेतच: १८ मे हा संग्रहालय दिन, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरचा ध्वजदिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस. यांपैकी दोनच निवडावेत आणि उरलेले शाळांवर सोडावेत. ग्रामसभेत दर वेळी पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि नोंदवहीत नव्याने भर पडलेली नावे वाचून दाखवावीत. संग्रहालयासाठी याहून स्वस्त प्रसिद्धी नाही. ‘किल्ली अमक्याकडे आहे, फोन करावा’ अशी पाटी काढून टाकावी. दर रविवारी तीन तास, पाऊस असो वा लग्नसराई, दार उघडे असेल एवढे पाळावे. त्यासाठी सहा माणसांची पाळी लावली तर प्रत्येकाला दीड महिन्यातून एकदाच बसावे लागते. खर्चात प्राधान्य चांगला स्कॅनर, आम्लविरहित कागदाची पाकिटे आणि गावाबाहेर ठेवलेली संगणकीय प्रत यांना द्यावे, रंगीत दिव्यांना नाही.

आता रणगाडा. अर्ज करून, परवानग्या मिळवून तो येऊ शकतो, आणि आल्यावर पहिले सहा महिने तुफान गर्दी होईल यात शंका नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४ पासून सुमारे पन्नास चिलखती वाहने मांडली आहेत आणि दूरदूरहून कुटुंबे येतात, पण तेथे आर्मर्ड कोअरची म्हणजे रणगाडा-दलाची शाळा शेजारी आहे, माणूसबळ आहे, सावली आणि देखभाल आहे. तुमच्याकडे वाहतूक, क्रेन, काँक्रीटचा चौथरा, दर दोन वर्षांनी रंग, वर चढून पडणाऱ्या मुलांची जबाबदारी आणि पावसाळ्यात आत साचणारे पाणी, हे सगळे ग्रामपंचायतीच्या अंगावर येईल. म्हणून नोंदवही, वस्तू-दिवस आणि रविवारचे उघडे दार हे तिन्ही सलग दोन वर्षे चालले तरच अर्ज करावा, असा ठराव समितीने आताच करून ठेवावा. तोवर तालुक्यात रणगाडा-दलातून निवृत्त झालेले चालक, तोफची आणि फिटर कोण आहेत त्यांची यादी करावी आणि पहिल्या वर्षीच त्यांना बोलवायला सुरुवात करावी. राजस्थानच्या उन्हात आतले लोखंड किती तापते, झाकण बंद केल्यावर चालकाला बाहेरचे कितपत दिसते, सुटलेली साखळी चढवायला किती माणसे आणि किती वेळ लागतो, हे सांगणारा माणूस दर रविवारी हजर राहणार असेल तर रणगाडा आणण्यात अर्थ आहे. तसा माणूस मिळाला आणि रणगाडा मिळाला नाही, तरी त्याच्यासाठी एक खुर्ची आणि भिंतीवर रणगाड्याची मोठी आकृती एवढ्यावर कार्यक्रम चालू करता येतो.